कोरड्या पाठीची आत्या

रविवारी कर्वेनगरला बारसं होतं... आणि आत्या मी होते! वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी!

त्याचं असं झालं... माझ्या भावाचा मुलगा नितीन याला मुलगी झाली. नितीनला सख्खी बहीण नाही, म्हणजे बाळाला आत्या नाही. मग कानात नाव कोण सांगणार? सायलीची, म्हणजे सूनबाईची, एखादी मैत्रीण सांगेल असं कानावर आलं होतं. माझा जीव नुसता वरखाली होत होता. नितीनच्या कानात नाव मीच सांगितलं होतं हो!

आणि एका संध्याकाळी त्याचा फोन. "आत्या, तू माझी आत्या, तर हिची का नाही? तूच ये." फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. बाळाचं नावही त्यानं गुपचूप सांगून ठेवलं. आता माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या बिबवेवाडीला ठाऊक... भाजीवालीपाशी तर अगदी ओठांवर आलं होतं, मेथीची जुडी तोंडापुढे धरून घरी आले!

कमरेचं ऑपरेशन होऊन वर्ष झालंय, बाहेर जाताना पट्टा लागतो. तो मुद्दाम घरी ठेवला. आत्याचा मान घ्यायचा तर पाठ मोकळी हवी. बारशाची रीत माहीतच आहे तुम्हाला... आत्यानं कानात "कुर्रर्र" केलं की बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाधप धपाटे घालतात. ज्या आत्याची पाठ जास्त लाल, ती जास्त लाडकी.

सोसायटीच्या हॉलमध्ये पाळणा सजवला होता. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" झालं, बाळ पाळण्यात आलं. मी वाकले... त्या इवल्याशा कानाला जावळाचा वास येत होता. नाव सांगितलं, "कुर्रर्र" केलं आणि पाठ ताठ करून थांबले.

काहीच नाही!

मग कुणीतरी पाठीवरून हात फिरवला. आजाऱ्याच्या फिरवतात ना, तसा. सायली हळूच म्हणाली, "आत्या, तुमचं ऑपरेशन झालंय ना, म्हणून मीच सांगितलं सगळ्यांना." बिचारीनं काळजीनंच केलं होतं. पण माझा चेहरा पडला. वाटलं, संपलं... आपण आता आत्या नाही, पेशंट.

तेवढ्यात मागून आवाज आला. "आगं ए, कसली ही आत्या? पाठ कोरडीच हाय की हिची!"

तानूआत्या! माझी स्वतःची आत्या, मांजरी गावची. नव्वदीला टेकलीय, काठीशिवाय हलत नाही, नातवानं गाडीतून आणून पहिल्या खुर्चीत बसवलं होतं. माझ्या बारशाला माझं नाव तिनंच ठेवलेलं. ती उठली, काठी सायलीच्या हातात दिली आणि तुरुतुरु माझ्यामागे आली.

"वाक गं सुमे!"

आणि असा एक धपाटा बसला म्हणता... उभा जन्म ऊस तोडलेला हात तो! हॉलभर आवाज घुमला. बाळ दचकलं, रडलं, आणि सगळ्या खो खो हसत सुटल्या. मग काय, वाटच मोकळी झाली... सायलीच्या आईनं घातला, शेजारणींनी घातले, शेवटी सायलीनंही डोळे मिटून एक घातला. "जेवली नाहीस का?" म्हणून तानूआत्यानं तिला पुन्हा घालायला लावला!

बाळाचं नाव रेवा. आता सांगायला हरकत नाही.

घुगऱ्या खाताना तानूआत्या माझ्या कानाशी आली. "रेवाला पोर होईल तवा मी नसंन. तू ऱ्हा." मी म्हटलं, "आत्या, मी तेव्हा शंभरीच्या घरात असेन." तर म्हणते, "मग काय झालं? पाठ हाय ना?"

पट्टा बांधून, शेकाच्या पिशवीला टेकून हे लिहितेय. पाठ अजून हुळहुळतेय... आणि खरं सांगू, ती थांबूच नये असं वाटतंय. आपल्याला हक्कानं मारणारं माणूस या वयातही शिल्लक आहे, यापरतं माहेर ते काय असतं!