साहेब उठेपर्यंत

आमच्या धाकटीचं काम पाचलाच संपायचं. पण घरी यायचं? नाव नको! तिच्या विमा कचेरीत रीतच पडून गेलेली, साहेब उठल्याशिवाय कोणी उठायचं नाही. टेबल आवरलेलं, पर्स मांडीवर आणि डोळे साहेबांच्या केबिनकडे. पित्त उसळतंय, मान आखडलीय, पण आधी उठायची एकाची छाती नाही.

ती येईपर्यंत तिची लेक ठमी जेवून झोपलेली असायची. मी थोरली बहीण, शेजारच्याच खोल्यांत राहते, म्हणून पोरीला मीच भरवायचे, मीच निजवायचे. धाकटी आली की हातपायही न धुता आधी पांघरूण सरकवून तिच्याकडे बघत बसायची. मग मला विचारायची, "ताई, आज काय काय बोलली गं?" मी सगळं सांगायचे, पण तिचं समाधान व्हायचं नाही. "तिच्या तोंडून ऐकायचंय गं मला," म्हणायची. सकाळी शाळेची नुसती धांदल, त्यात कसलं बोलणं! माझं डोकंच फिरायचं. "अगं, ऊठ की सरळ! खातो का काय साहेब तुला?"

परवा बाटलीत पाणी भरायला म्हणून ती केबिनच्या मागच्या उघड्या दारावरून गेली, तर साहेब कॉम्प्युटरवर पत्ते खेळत बसलेले! हिला बघून ओशाळले. "अजून किती काम राहिलंय हो तुमचं?" त्यांनीच विचारलं.

"माझं? ते कधीच आटोपलं. तुम्ही बसलाय म्हणून..."

"अहो, मी तुम्हा लोकांसाठी बसतो! माणसं राबतायत आणि साहेब निघाला, बरं दिसतं का ते?"

घ्या! इतकी वर्षं एकमेकांची तोंडं बघत बसले सगळे शहाणे.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरायच्या आत धाकटी दारात हजर. मी ठमीची वेणी घालत होते. आईला बघून पोरगी उठली, पण हसली नाही. जवळ गेली, टाचा उंचावून तिच्या कपाळाला हात लावला.

"आई, तुला बरं नाहीये का?"

धाकटी तिथंच उंबऱ्यात खाली बसली. "हो गं, थोडा ताप आलाय," म्हणाली, आणि तो हात तिने काढू दिला नाही.