खांबाशेजारचा माणूस

कपाट आवरताना एका घराच्या दर्शनी बाजूचं जुनं ड्रॉइंग हाती लागलं. भर शहरातलं घर, पण मालकाला हवा होता ग्रीक देवळाचा थाट: दारापुढे चार उंच गोल खांब, वर त्रिकोणी माथा. मी आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. यातली रेघन्‌रेघ माझ्या हातची. पहिल्या खांबाशेजारी बोटभर उंचीचा, बिनचेहऱ्याचा एक माणूसही मीच काढलाय. आमच्या धंद्यात तशी रीतच आहे. साहेब म्हणायचे, "अहो, माणूस काढा तिथे. त्याशिवाय खांब केवढा आहे ते कळणार कसं?"

तेव्हा यात काही खुपलं नव्हतं. आता वाटतं, जगातले सगळे थोर असेच थोर दिसतात. पायाशी कुणीतरी बोटभर उभा लागतो, बस्स.

वास्तुशांतीला मी गेलो होतो. त्याच खांबापाशी उभा राहून, मान वर करून बघत होतो. घरची मंडळी पायऱ्यांवर फोटोसाठी जमली. मालक ओरडले, "ओ काका, सरका जरा. खांब झाकला जातोय."

मला दंडाला धरून बाजूला केलं ते साहेबांनीच.