नानांनी काढून घेतलेलं मत

माझे वडील धुळ्याला शिक्षक होते. आम्ही त्यांना नाना म्हणतो. शाळेखालोखाल त्यांचा जीव निवडणुकीच्या ड्यूटीत होता. शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला जे पाडे आहेत, तिथल्या मतदान केंद्रांवर त्यांची नेमणूक व्हायची. बाकीचे शिक्षक ती चुकवायला बघत, नाना आनंदाने जात. परत आले की बोटांना लाखेचा वास असायचा, आणि पुढचे दोन दिवस जेवताना दुसरा विषय नसायचा.

त्यामुळे मी निवडणुकीला उभी राहिले, तेव्हा सगळ्यात आधी त्यांनाच फोन केला.

"ग्रामपंचायतीला का?" त्यांनी विचारलं.

"नाही नाना. इंटरनेटवर."

मी जळगावला एका तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवते. काही वर्षांपूर्वी मी एका निराळ्या समाजमाध्यमावर लिहायला लागले. त्याला कोणी मालक नाही. तिथे लिहिलेलं सगळं ब्लॉकचेनवर जातं, म्हणजे जगभरच्या अनेक कॉम्प्युटरांवर त्याची एकसारखी नोंद राहते, आणि ती मागाहून कोणाला बदलता येत नाही. निवृत्तीनंतर नानांनाही मी तिथे खातं उघडून दिलं. ते खानदेशीत लिहितात. गावाकडचे शब्द, कापूस वेचणीच्या आठवणी, त्यांच्या पहिल्या शाळेचं पत्र्याचं छप्पर. वाचणारे पन्नास-साठच, पण नेमाने वाचणारे.

मी उभी राहिले त्या रविवारी धुळ्याला गेले. नानांनी चहाचा कप बाजूला सरकवला आणि म्हणाले, "माले बठ्ठं समजाडी सांग."

मी सांगितलं. लोक जे लिहितात, ज्याला पसंती देतात, त्या सगळ्याचा दर तीन सेकंदांना एक गठ्ठा बांधला जातो. त्यालाच ब्लॉक म्हणतात. तो बांधायचा मान निवडून आलेल्यांना असतो, आणि त्यांना तिथे साक्षीदार म्हणतात. एका फेरीत एकवीस जण. पहिले वीस म्हणजे ज्यांना सर्वाधिक मतं आहेत ते, ते प्रत्येक फेरीत असतात. एकविसावी जागा खालच्या सगळ्यांना आळीपाळीने मिळते. एकाने बांधलेला गठ्ठा बाकीचे तपासतात. ज्याची पाळी चुकली त्याचा गठ्ठा होत नाही, पुढचा माणूस काम सुरू ठेवतो, आणि चुकलेल्याच्या नावापुढे तो आकडा कायमचा चढतो.

"मतदान कधी?"

"रोजच. प्रत्येकाला तीस जणांना मत देता येतं, आणि दिलेलं केव्हाही परत घेता येतं."

हे त्यांना फार आवडलं. पण मत कोणी कोणाला दिलं ते सगळ्यांना दिसतं, हे त्यांना खटकलं. "गुप्त नाही?" त्यांनी दोनदा विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी आयुष्यभर पुठ्ठ्याचे आडोसे उभे करून लोकांची मतं झाकली होती. तरी निघताना त्यांनी माझ्यासमोर फोन घेतला आणि मला मत दिलं.

माझा क्रमांक शंभराच्या पलीकडे होता. पाळी दिवसा-दोन दिवसांत एकदा यायची. माझा पहिला ब्लॉक बांधला गेला तेव्हा मी स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासत होते. तो उघडून पाहिला तर आत मोजून सात गोष्टी होत्या. कोणीतरी मांजराचा फोटो टाकला होता, कोणी कवितेवर दोन ओळी लिहिल्या होत्या, बाकी पसंत्या. त्या सात गोष्टी मी बांधल्या, आणि आता त्या तिथेच राहणार होत्या. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय झालं, एकट्याच हसताय. मी सांगायला लागले, पण घंटा झाली.

असं वर्षभर छान चाललं. मग मे महिन्यात पहूरला माझ्या मावसबहिणीचं लग्न निघालं.

साक्षीदाराचं खरं काम पाळीपेक्षा निगराणीचं असतं. अधूनमधून सगळ्या जाळ्याचे नियम सुधारले जातात. वरच्या विसांतल्या बहुतेकांनी मान्यता दिली की ठरल्या वेळी सगळे नव्या नियमांवर जातात. त्याआधी आपल्या सर्व्हरवर, म्हणजे आपल्या वतीने गठ्ठे बांधणाऱ्या कॉम्प्युटरवर, नवी आवृत्ती चढवावी लागते. मी भाड्याने घेतलेला सर्व्हर दूर कुठल्याशा थंड देशात होता. सूचना आठवडाभर आधी आली होती. मी म्हटलं, लग्न उरकू दे, सोमवारी बघू. सोमवारी परीक्षेची ड्यूटी लागली. मंगळवारी बघितलं तर माझा सर्व्हर जुन्या नियमांवर अडकून बसला होता. संध्याकाळपर्यंत मी सगळं नीट केलं, पण तोवर तीन पाळ्या हुकल्या होत्या.

मी कोणाला काही सांगितलं नाही. शंभराच्या पलीकडच्या साक्षीदाराकडे कोण बघतं, असं वाटलं.

चार दिवसांनी माझ्या पानावर एक नवी नोंद दिसली. मत काढून घेतल्याची. खातं नानांचं होतं.

मी लगेच फोन लावला. "नाना, तुम्ही माझं मत काढलं?"

"हो, काढलं."

"चुकून बटण दाबलं गेलं का?"

"नाही माय. चष्मा लावून दाबलं."

"नाना, मी पहूरला लग्नात होते. तुम्हीही होतात की."

"होतो ना. पण मी निवडून आलेलो नव्हतो." मग म्हणाले, "चुकलं त्याचं काही नाही. एकदा माझ्या हातून केंद्रावर शाईची बाटली कागदांवर सांडली होती. मी तसं लिहून दिलं. मला नोटीस आली, पण कोणाला शंका राहिली नाही. तू लिहिलं नाहीस. मी चार दिवस वाट पाहिली तुझी."

मी फोन ठेवला. मला राग आला होता, आणि खोटं कशाला सांगू, रडूही आलं. नवऱ्याने भाकरी वाढता वाढता विचारलं काय झालं, आणि ऐकून हसायलाच लागला. "घरचं एक मत, तेही गेलं," म्हणाला. त्यावर मीही हसले. पण त्या रात्रीच्या जेवणात चव लागली नाही.

रविवारी सकाळी बसून लिहिलं. काय चुकलं, का चुकलं, किती पाळ्या गेल्या, आणि पाच दिवस मी गप्प का राहिले, तेही. पुढे काय करणार ते लिहिलं. दुसऱ्या ठिकाणी एक राखीव सर्व्हर, पाळी हुकताच फोनवर गजर, आणि गावाला जाताना सर्व्हर बघणं होणार नसेल तर तेवढे दिवस स्वतःहून बाजूला व्हायचं. मराठीत लिहिलं, खाली इंग्रजीत लिहिलं.

कोणी वाचेल असं वाटलं नव्हतं. पण वरच्या विसांतल्या एका बाईंनी लिहिलं की त्यांच्या पहिल्या वर्षी अगदी असंच झालं होतं, आणि राखीव सर्व्हर कसा लावायचा ते त्यांनी टप्प्याटप्प्याने समजावून दिलं. दुसरं उत्तर शिरपूरच्या एका कापूस व्यापाऱ्यांचं होतं. त्यांचं घराणं मूळ राजस्थानचं, पण ते दुकानात खानदेशी ऐकतच मोठे झाले, आणि म्हणून नानांचं सगळं लिखाण वाचायचे. त्यांनी मला मत दिलं. त्या जाळ्याचं स्वतःचं नाणं असतं, आणि त्यात ज्याचा वाटा मोठा त्याच्या मताचं वजन मोठं, आणि त्यांचा वाटा चांगलाच मोठा होता. मी एका दिवसात तीस क्रमांक वर गेले.

नानांना सांगितलं तर ते खूश झाले नाहीत.

"एका माणसाने तीस?"

"हो."

"म्हणजे पाड्यावरच्या बाईचं मत आणि जमीनदाराचं मत सारखं नाही तिथे. हे मला पटत नाही."

"मलाही पूर्ण पटत नाही नाना."

"मग उभी कशाला राहिलीस?"

मी विचार करून म्हटलं, "सगळं उघड आहे म्हणून. कोणाचं वजन किती, ते तुम्हालाही दिसतं. माझी चूक तुम्हाला दिसली, आणि तुम्हाला मत काढता आलं."

"ते आलं," ते म्हणाले. आवाज जरा मऊ झाला होता. पण मत काही त्यांनी लगेच दिलं नाही. मीही मागितलं नाही.

पाचेक आठवडे गेले. माझी पाळी आता दिवसातून तीन-चारदा यायची, आणि एकही हुकली नव्हती. एका दुपारी प्रात्यक्षिकाचा तास चालू असताना फोनवर निरोप आला, "तुना आकडा रोज देखस. आते बराबर शे." पान उघडलं. नानांचं मत परत आलं होतं. त्यांच्या वजनाने माझा क्रमांक एकानेही हलला नाही. मुली प्रोग्राम चालत नाही म्हणून हात वर करून बसल्या होत्या, त्यांच्याकडे जायला मला मिनिटभर उशीर झाला. घरी जाताना भरताची वांगी घेतली.

दिवाळीत धुळ्याला गेले तर नाना ओट्यावर ऊन खात बसले होते. ते तिसांपैकी आपली उरलेली मतं ठरवत होते. एकेका साक्षीदाराचं पान उघडायचं, परक्या भाषेतलं असेल तर मराठी करून वाचायचं, चुकलेल्या पाळ्या बघायच्या, आणि चूक झाल्यावर त्याने काय लिहिलं तेही बघायचं. अठ्ठावीस झाले होते. एकोणतिसावा त्यांनी माझ्यासमोर निवडला. तिसाव्यासाठी बराच वेळ पानं सरकवत राहिले.

"कोणी पसंत पडत नाही," शेवटी ते म्हणाले. "एक रिकामं ठेवलं तर चालतं का?"

"चालतं," मी म्हटलं.

"मग राहू दे," म्हणत त्यांनी चष्मा काढला आणि फराळाचं ताट पुढे ओढलं.