नातीचा बार आणि आम्ही तिघी

आम्ही तिघी एकत्र बसलो की किस्से जमतातच. मासळीवर माश्या बसतात तसे. हाकलले की पुन्हा तिथेच. आम्ही म्हणजे मी, हिरा आणि यमू. ठाण्याच्या बाजारात शेजारी शेजारी बसून मासळी विकण्यात आमची हयात गेली. शाळा मी पाहिली नाही, मासळी बांधायच्या रद्दीवर वाचायला शिकले. कोणाला माझ्या शुद्धलेखनातल्या चुका काढायच्या असतील तर त्यानं आधी दोन बोंबील साफ करून दाखवावेत.

*

यमूची नात सायली एका बड्या जपानी हॉटेलात लागली. पोरगी ऑफिसात बसते, असं यमू सगळ्या कोळीवाड्याला सांगत होती. मग हिराच्या मोबाईलवर व्हिडिओ आला. सायली बारमागे उभी, हातात स्टीलचा डबा, आणि तो डबा कानाजवळ धरून खुळखुळवतेय. दारूचा!

यमूचा नवरा दारूनंच गेलेला. तिनं नातीशी बोलणं तोडलं. पण घरात माणसं दोनच, म्हणून दोघी ओट्यावरच्या मिक्सरशी बोलायला लागल्या. यमू मिक्सरला सांगायची, कालवण झाकून ठेवलंय म्हणावं. सायली मिक्सरला सांगायची, उशीर होईल म्हणावं.

मी यमूला म्हटलं, "तुमच्या घरात समजूतदार तेवढा तोच दिसतो."

*

एक दिवस सायली माझ्याकडे आली. तिनं स्वतः जमवलेलं एक लिंबाचं कॉकटेल हॉटेलच्या मेनूवर येणार होतं. संध्याकाळी मालक चव घेणार. पण त्याच्या आधी ते आजीपुढे ठेवायचं होतं तिला.

मी यमूकडे गेले आणि सांगितलं, शिव्या घालायच्या तर तिच्या तोंडावर घाल, मिक्सरला कशाला? यमू तयार झाली. एकच अट, ग्लासाला तोंड लावणार नाही.

दुपारी बघते तर नऊवारी, अंगावर सगळे दागिने, अंबाड्यात अबोली. हिरानं विचारलं, लग्नाला चाललीस का?

यमू म्हणाली, "भांडायला जाताना बाईनं बरं दिसावं."

*

हॉटेलात थंडगार काळोख. बारपुढे उंच खुर्च्या. हिराला दोघा वेटरांनी मिळून चढवलं. वेटरनं गरम, ओल्या टॉवेलच्या गुंडाळ्या आणल्या. हात पुसायला होत्या, हे नंतर कळलं. पण हिरा बसल्या जागी पहिलं काय करते, तर फडकं मारते. सवय आहे बाजारातली. तिनं आपल्यापुढचं लाकूड घासून पुसलं. मग माझ्यापुढचं. मग शेजारी बसलेल्या साहेबाला ग्लास उचलायला लावून त्याच्यापुढचं.

पलीकडे आचारी कच्च्या मासळीचे काप करत होता. त्यानं हिराला एक दिला. हिरानं डोळे मिटून तो चावला, गिळला.

"बरा आहे," ती म्हणाली. "आता उरलेला शिजव."

*

मग माझा ग्लास आला. आत बर्फाचा एकच खडा, काचेसारखा आरपार. आम्ही बर्फावर मासा ठेवायचो. इथं बर्फच बघायला ठेवलेला. जपानी लिंबाची साल सायलीनं ग्लासावर पिळली, आणि पपनस सोलताना येतो तसा वास सुटला. पहिल्या घोटाला आंबट, मग जरासं कडू, आणि मग कानाच्या पाळ्या गरम.

शेजारचा साहेब म्हणाला, "आजी, हळू घ्या. स्ट्राँग असतं ते."

मी म्हटलं, "अरे, मी नवरा पचवलाय."

यमूला हसू आलं. तिनं ते पदरात दाबलं.

*

शेवटी सायलीनं तसाच एक ग्लास यमूपुढे ठेवला. ओले हात पुसत उभी राहिली.

आमच्या कोळीवाड्यात ग्लास उचलला की पहिला मान गेलेल्या माणसांचा. बोट बुडवायचं, दोन थेंब जमिनीवर सोडायचे, मग आपण प्यायचं. यमूचा नवरा गेल्यापासून त्याच्या नावानं यमूनं एक थेंब सोडला नव्हता, आणि तिच्या घरात कोणाला सोडू दिला नव्हता. जिवंतपणी पुष्कळ झाली, म्हणायची.

यमूनं ग्लास जवळ ओढला. मग तिनं बोट बुडवलं, खुर्चीवरून वाकली आणि त्या चकचकीत लाकडी जमिनीवर दोन थेंब सोडले. वेटर फडकं घेऊन धावला. सायलीनं हात आडवा करून त्याला थांबवलं.

"घ्या," यमू जमिनीला म्हणाली. "नातीच्या हातचं आहे. याच्यावर मिळायचं नाही."

सरळ झाली. बोट ओलंच होतं. ते तिनं चाटलं, जीभ टाळ्याला लावून बघितली, आणि सायलीकडे मान वर केली.

"मीठ कमी आहे गं."