दिसल्या नाहीत

कालव्यातल्या गोगलगायी मोजायचाही कुणी पगार देतं, यावर मावशींच्या सख्ख्या भावाचासुद्धा कधी विश्वास बसला नाही. पण पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत त्या बावीस वर्षं तेच करत होत्या. दर पंधरा दिवसांनी गुडघ्यापर्यंतचे बूट चढवायचे, लांब दांड्याची चाळणी घेऊन ठरलेल्या पाच जागी शेवाळ खरवडायचं आणि नखाएवढ्या गोगलगायी मोजून वहीत आकडा लिहायचा. दिसायला हे जीव गरीब, पण गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात ते उगीच नाही. त्यांच्या अंगातून सुटलेले बारीक जंत पोहणाऱ्याच्या कातडीतून आत शिरतात आणि काही आठवड्यांनी लघवीतून रक्त जायला लागतं.

मावशींची एक खोड होती. काही सापडलं नाही तर बाकीचे वहीत ‘शून्य’ लिहीत, मावशी लिहीत ‘दिसल्या नाहीत’. “नवऱ्याचं विचारलं तरी म्हणतील, दिसला नाही!” असं टायपिस्टबाई म्हणायच्या, आणि नवरा खरोखरच घर सोडून गेलेला असल्यामुळे मावशीच सगळ्यांत मोठ्यानं हसायच्या.

खोड मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. नोकरीच्या तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी शून्य लिहिलं होतं. त्यावर भरवसा ठेवून कालव्याच्या पायऱ्या पोहायला खुल्या झाल्या. आईनं मोजलेलं पाणी म्हणून लेक सगळ्यांच्या आधी उतरली आणि पुढे वर्षभर औषधं खात बसली. ती बरी झाली, आता आपल्या संसारात सुखी आहे. मावशींनी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

यंदा कालव्याचं पाणी घोट्याला आलं, तापलं. मावशी तीन फेऱ्या मारून हात हलवत परत आल्या. तिशीतले नवे साहेब खूश झाले. वरून पाणी सोडून सुट्टीआधी पायऱ्या खुल्या करायच्या, असं त्यांनी ठरवलंच होतं. त्याच्या परवानगीच्या फॉर्मवर गोगलगायींसाठी दोनच चौकटी होत्या, ‘आहेत’ आणि ‘नाहीत’.

“मावशी, ‘नाहीत’वर खूण करा. तीनदा बघितलंत ना?”

“दिसल्या नाहीत, साहेब. पाणी आटलं की त्या चिखलात शिरून तोंड मिटून पडतात. पाणी आलं की उठतात.”

“दाखवा मग.”

मावशींनी काठचा भेगाळलेला चिखल बादलीभर आणला, काचेच्या टाकीत घातला, वर पाणी ओतलं. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही नाही. टायपिस्टबाईंनी चेष्टा बंद केली, ते तर मावशींना जास्तच लागलं. चौथ्या दिवशी त्यांनाच वाटायला लागलं, आपण या वयात उगीच हट्टाला पेटलोय की काय.

पाचव्या सकाळी काचेला एक गोगलगाय चिकटलेली होती.

“एकच?” साहेब वाकून बघत म्हणाले. “एकीनं काय होतंय? जोडीला दुसरी तरी हवी.”

“हिला जोडीदार लागत नाही, साहेब. नरही हीच, मादीही हीच. कोमट, संथ पाणी मिळालं की एकटीच अंडी घालते. दोन महिन्यांत बघा, मोजायला माझे हात पुरायचे नाहीत.”

“अगं बाई, म्हणजे मावशींचीच बहीण!” टायपिस्टबाई म्हणाल्या. सगळे हसले. साहेब हसले नाहीत. खुर्चीत बसून त्यांनी फॉर्म मावशींपुढे सरकवला.

“मुलीला शब्द दिला होता,” ते हळूच म्हणाले. “पहिली उडी तुझी म्हणून. आज घरी गेलो की दारातच विचारील.”

मावशींनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी ‘आहेत’वर ठसठशीत खूण केली.

“तिला सांगा, ऑफिसातल्या एका खाष्ट म्हातारीनं नाही म्हटलं,” त्या म्हणाल्या. “माझ्यावर रुसू दे. तुमच्यावर नको.”