जास्तीचे दोन वेढे

केबलचा तुकडा हातात आला की भाऊ डोळे मिटायचे. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये तो हळूच फिरवायचे, लोंबीतला दाणा भरलाय का ते चाचपावं तसा, आणि सांगायचे, "चोवीस तारांची आहे. आत दोन नळ्या." मी कव्हरवर छापलेलं वाचायची. चोवीसच असायची.

मला वाटायचं, हुशारी दाखवतात. डोळे मिटण्याचं कारण कळायला चार महिने लागले.

आमची एका कंत्राटदाराची लहानशी टोळी होती. एटापल्लीकडच्या गावांमध्ये फायबर पोचवायचं काम. केसाएवढ्या काचेच्या तारांची टोकं मशीनमध्ये वितळवून एकमेकांना जोडायची, हे भाऊंचं काम. जोड तपासून फॉर्म भरायचा, हे माझं. मी ऊर्जानगरला वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये वाढले, इंग्रजी शाळेत शिकले. बोलण्याआधी मला वाक्य मनात जुळवावं लागतं, आणि ते जुळेपर्यंत विषय निघून गेलेला असतो. म्हणून मी गप्प राहते आणि पाहते. तुम्हीही तसे असाल तर तुम्हाला माहीत असेल, गप्प माणसासमोर लोक लपवायचं विसरतात.

भाऊ मूल गावाकडचे. पन्नाशीचे, सडपातळ, एका जागी न टिकणारे. डबा उभ्याने खायचे. बिनसाखरेचा चहा घेऊन पुढच्या खांबापर्यंत जाऊन यायचे. सूरजागडच्या खाणीचे ट्रक रस्ता अडवून उभे असले की आम्ही मोबाइल काढायचो. भाऊ उतरून चालू लागायचे, आणि तासाभराने आम्हाला दोन वळणं पुढे सापडायचे.

"बसत जा न भाऊ जरा," ड्रायव्हर म्हणायचा.

"बसलो का झोप येते गा. आन् झोपलो का जोड बिघडते."

केबलींबद्दल ते नातेवाइकांसारखं बोलायचे. जमिनीत पुरायची, पोलादी पत्र्याच्या चिलखतातली केबल म्हणजे तहसीलदार. "उंदीर येते, दात लावून पाह्यते, आन् नमस्कार करून चालला जाते." खांबाखांबावरून जाणारी, अंगात लोखंड नसूनही स्वतःचं वजन पेलणारी केबल म्हणजे त्यांची मोठी बहीण. "कोनाचा आधार घेत नाई. पन जास्त ताणली का मंग बोलत नाई." खांबावरून घरात शिरणारी चपटी, बारीक ड्रॉप केबल म्हणजे धाकटा जावई. "कुठीबी वळते. कोपऱ्यात दाबला का रुसते." शहरात वापरतात त्या रिबन केबलमध्ये बारा तारा पट्टीसारख्या चिकटलेल्या असतात आणि बाराही एकदम जोडता येतात. ते वऱ्हाड. "सारे एकाच गाडीत."

एका बाबतीत मात्र ते गंमत करत नसत. जोड असलेल्या खांबावर केबलचे तीन वेढे शिल्लक ठेवायचे, असा नियम. भाऊ पाच ठेवायचे. माझ्या नकाशातली लांबी कधीच जुळायची नाही. एकदा धीर करून म्हटलं, "भाऊ, कागदावर तीन आहेत."

"लिहिनारा कधी चुकला नसंल. जोड चुकली का कापा लागते, मॅडम. कापाले केबल नोको? मांगून येनाऱ्यानं का खांबाले लटकून काम करावं? दोन वेढे जास्त सोडा. खाली आनून, सावलीत बसून करंल बिचारा."

स्वतः कधी न बसणारा माणूस दुसऱ्याच्या बसण्याची सोय करत होता.

मग मायक्रो केबल आली. पेन्सिलीहून बारीक. तिच्यासाठी आधी जमिनीत लहान नळी पुरायची, मग कंप्रेसरच्या हवेने केबल आत फुंकायची. पहिल्या दिवशी सगळं गाव पाहायला जमलं. भाऊ नळीच्या रेषेवरून चालत सुटले, केबलच्या पुढे पोचायला हवं म्हणून. दुसऱ्या टोकाला ती बाहेर आली तेव्हा एक आजी माडिया बोलीत काहीतरी म्हणाली आणि सगळे हसले. भाऊंनी टोक हातात घेतलं, डोळे मिटले, फिरवलं.

"बारा?"

मी कव्हर पाहिलं. "अठ्ठेचाळीस."

ते हसले, पण तुकडा खिशात घालून टाकला.

या केबलच्या तारा आणखी बारीक, त्यांचे रंग आणखी पुसट. रंगांचा क्रम ठरलेला असतो: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, असे बारा. रंगाला रंग जोडायचा. त्या आठवड्यात मी पाहिलं, भाऊ तार आभाळाकडे धरत, तिरकी करत आणि परीक्षा घेतल्यासारखं विचारत, "सांगा मॅडम, हा कोनता?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला कळलं की ही परीक्षा नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारी स्टूल टाकलं आणि तार हातात आली की पुटपुटू लागले, "ऑरेंज. ब्राउन."

दोन तारा त्यांनी तशाच जोडल्या. मग म्हणाले, "इंग्रजी नोको. पळस म्हन. माती म्हन." त्या दिवसापासून मी मॅडमची बाई झाले. हिरवा म्हणजे तेंदू, पांढरा म्हणजे बगळा, राखाडी म्हणजे राख. इतरांना वाटायचं, इंग्रजी शाळेतली पोरगी झाडं-पाखरं शिकून राहिली आहे.

या गोष्टीवर आम्ही एकदाच बोललो. "साखरेनं नेले रंग," ते म्हणाले. "कंत्राटदार साहेबाले समजलं तर मशीन काढून घेईल. मशीन गेली तर मी कोन, बाई?"

एका परीक्षेसाठी मला दोन दिवस नागपूरला जायचं होतं. आरोग्य उपकेंद्राचा जोड तेवढा बाकी होता. "मी येईपर्यंत थांबा भाऊ," मी म्हटलं. "हो हो," ते म्हणाले, आणि तेव्हाच त्यांची नजर खांबावर गेली होती. थांबणं त्यांना जमणार नव्हतं, हे मला कळायला हवं होतं.

परत आले तर जोड झालेला आणि उपकेंद्राची लाइन बंद. तिथल्या सिस्टर एका बाळाच्या अंगावरचं पुरळ तालुक्याच्या डॉक्टरांना व्हिडिओवर दाखवायला थांबल्या होत्या. मोबाइलला रेंज नाही. भाऊ ग्रामपंचायतीत गेले आणि त्यांनी तिथून दोन नंबरच्या तारेत लाल दिव्याचा उजेड सोडला. मी उपकेंद्रात, तारांची टोकं जिथे ओळीने येतात त्या डबीपाशी उभी. उजेड दोन नंबरच्या भोकातून यायला हवा होता. आला चौथ्यातून.

पळस आणि माती. अदलाबदल झाली होती.

ग्रामपंचायतीपासून चालत यायला त्यांना सात-आठ मिनिटं लागणार होती. मी सिस्टरच्या इंटरनेटच्या यंत्राची वायर दुसऱ्या भोकातून काढली आणि चौथ्यात घातली. झालं. लाल दिवा काढून तिकडची वायर लावली की लाइन सुरू, कोणाला कळायचं कारण नाही. फॉर्मवर मी "दोन" लिहिलं.

भाऊ धापा टाकत आले. "दुसऱ्यात दिसला?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. डबीवर बोट ठेवलं. एक, दोन, तीन. चौथ्यापाशी वायर लागली. बोट तिथेच थांबलं.

"मंग हे इथी काऊन वं?"

मला वाक्य जुळेना.

"सिस्टरचं काम होऊ दे आधी," ते म्हणाले आणि तिकडची वायर लावायला तसेच परत गेले. थोड्या वेळाने यंत्रावरचा हिरवा दिवा लागला. बाळाला उचलून सिस्टर स्क्रीनसमोर बसल्या. भाऊ परत आले तेव्हा म्हणाले, "आता खांबाकडं चाल. उद्या तू नसशीन, मी नसन. येनारा कागद पाहून दुसऱ्यात लावंल, आन् दिवसभर खांब चढंल."

डॉक्टरांचं बोलणं संपल्यावर आम्ही केबल खाली आणली. वेढे पाच होते, म्हणून ती आंब्याच्या सावलीपर्यंत सहज आली. भाऊंनी मशीन माझ्यापुढे सरकवलं. "बस."

"मी?"

"रंग तुले दिसते."

पहिल्यांदा टोक तिरकं कापलं गेलं, मशीनने नाकारलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी पळस जुळला, मग माती. तेवढा वेळ भाऊ आंब्याभोवती फेऱ्या मारत होते. रंग सांगायला मला तोंड उघडावं लागलं नाही, पण सवयीने मी पुटपुटत होते.

मग फॉर्म. बिघाडाचं कारण. मी लिहिलं आणि कागद मिटू लागले.

"वाच."

"खारीने केबल कुरतडली."

ते पहिल्यांदा मोठ्याने हसले. "खारीनं तुझं काय घेतलं वं? खोड ते. रंग ओळखन्यात जोडनाऱ्याची चूक, असं लिही."

"भाऊ, साहेब मशीन काढून घेतील."

"घेऊ दे. आज पोराचं पुरळ होतं. उद्या अडलेली बाई असंल. लिही."

मी लिहिलं. त्यांनी खाली सही केली, ठळक, कागदाच्या रेषेच्या बरीच वर.

आठवड्याने मशीन माझ्या नावावर झालं. भाऊंना गोदामावर केबलचे ड्रम राखायला ठेवलं. खुर्ची दिली, पंखाही. दुपारी साहेबांनी पाहिलं तर खुर्ची रिकामी. सुरुवातीला फोन उचलायचे. "जय भीम, बोला," आणि मागे वाऱ्याचा आवाज. आता फोन लागत नाही. कोणी म्हणतं, सिरोंचाकडे खांब रोवणाऱ्या टोळीबरोबर आहेत. कोणी म्हणतं, घरी धान पाहतात. दुसरं मला खरं वाटत नाही. धान पाहायला एका जागी उभं राहावं लागतं.

गेल्या महिन्यात एका गावात जुना जोड उघडायचा होता, पावसाने खराब झालेला. वर पाहिलं तर वेढे पाच, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेले. मी केबल खाली आणली आणि सावलीत बसून काम केलं. दोन वेळा टोक चुकलं, दोन्ही वेळा कापायला केबल होती.

काल मी नव्या खांबावर वेढे घालत होते. चहाचा कप खाली तसाच, निवलेला.

"मॅडम, बसा न जरा," खालून ड्रायव्हर म्हणाला. "आन् तीन झाले न वेढे?"

"अजून दोन," मी म्हटलं. हे वाक्य मला जुळवावं लागलं नाही.