स्लिपवरची पाचवी ओळ

वनिताचा मोबाइल वाजला तेव्हा ती शेजारच्या खोलीत टेस्टला बसली होती आणि मोबाइल माझ्या टेबलवरच्या ट्रेमध्ये होता. नियम माझाच. सानपाड्याच्या आमच्या क्लासमध्ये आलं की आधी मोबाइल ट्रेमध्ये, मग बाकीचं.

एकतीस वर्षं ऑफिस ॲडमिनमध्ये काढून मी रिटायर झाले. आता बायकांना तेच काम शिकवते. आलेली पत्रं नोंदवणं, मीटिंगा जुळवणं, फोन घेणं. फोनचं काम सगळ्यात सोपं वाटतं आणि नेमकं तिथेच माणूस घसरतो. साहेब जागेवर नसले की निरोप मेसेज स्लिपवर लिहायचा. स्लिपवर चार ओळी : फोन कोणाचा, किती वाजता, निरोप काय, पुढे काय करायचं. बस.

वनिता जाधव करंजाड्याहून यायची. वय त्रेचाळीस. हुशार, पण स्लिपवर भलतंच लिहायची. 'पाटील साहेबांचा फोन. बिचारे दमलेले वाटले.'

"वनिता, हे बिचारे कुठून आले?"

"आवाजच तसा होता ना, मॅडम."

"आवाजाचं साहेबांना काय लोणचं घालायचंय? निरोप लिही." मी लाल पेनने काट मारायचे.

तिची एकुलती एक मुलगी, प्रज्ञा, मालवाहू जहाजावर ट्रेनी होती. जायच्या आदल्या दिवशी आईचा या क्लासचा फॉर्म तिनेच भरला होता. जहाज खोल समुद्रात गेलं की फोन बंद. किनारा जवळ आला की पाच-दहा मिनिटं लागायचा. या वेळी तीन आठवडे काहीच नव्हतं. चहाच्या सुट्टीत सगळ्या खाली टपरीवर जायच्या आणि वनिता ट्रेपाशी उभी राहायची. मी ओरडायचे. खरं सांगते, मला तिचा हेवा वाटायचा. मला फोन येतात ते सिमकार्डवाल्यांचे. जीव टांगणीला लागावा असं तिच्याकडे कोणीतरी होतं.

त्या दिवशी बेलापूरच्या एका कंपनीच्या एचआर मॅडम आल्या होत्या. जागा एकच. शेजारच्या खोलीत रिसेप्शन मांडलं होतं. अर्धा तास फोन, पाहुणे, पत्रं सगळं एकटीने सांभाळायचं. मध्ये उठलं की बाद.

स्क्रीनवर नाव आलं : प्रज्ञा. मी मोबाइल घेऊन काचेच्या दाराशी धावले. आत वनिता फोनवर एका चिडलेल्या क्लायंटला समजावत होती. क्लायंट म्हणजे आमचेच कॉम्प्युटरचे सर. तिने वर बघितलं. माझ्या हातातला मोबाइल बघितला. खुर्चीतून ती अर्धी उठलीच. मग परत बसली आणि हवेत पेन फिरवून मला खूण केली : लिहून घ्या.

"बोला सर, ऐकतेय मी," ती रिसिव्हरमध्ये म्हणाली. मान खाली होती.

मी कॉल घेतला.

"आई?"

"मी सावंत मॅडम, क्लासची. आई कामात आहे."

पलीकडे ती हसली. "आईला सांगा, मी मजेत आहे. पुढच्या महिन्यात येतेय घरी. आणि मॅडम, ते परत एकदा बोला ना."

"काय?"

"आई कामात आहे."

मी म्हटलं. लगेच फोन कट झाला. तिने ऐकलं की नाही, कोण जाणे.

टेस्ट संपल्यावर मी वनिताच्या हातात स्लिप दिली. 'फोन : प्रज्ञा. वेळ : ११.२०. निरोप : मजेत आहे, पुढच्या महिन्यात घरी येते. पुढे : काही नाही.' अगदी नियमात.

तिने दोनदा वाचली. उलटी करून मागची कोरी बाजूही बघितली.

"मॅडम, आवाज कसा होता हो तिचा?"

एकतीस वर्षांत मी हजारो निरोप लिहिले. हे मला एकाही साहेबाने विचारलं नव्हतं. मी स्लिप परत घेतली आणि खाली लिहिलं : 'आवाज मोकळा. हसत होती.' मग मात्र वनिता तिथेच बाकावर बसून रडली, आणि मी ओरडले नाही.

नोकरी तिलाच मिळाली. एचआर मॅडमनी शेरा मारला होता, 'समोरच्याचं नीट ऐकते.'

आमच्या क्लासच्या स्लिपवर आता पाचवी ओळ छापलेली असते : आवाज. साहेब लोक ती वाचत नाहीत. वाट बघणारं माणूस आधी तीच वाचतं.